व्यवसाय शिकविणाऱ्यांचे शिक्षण : प्रमाणपत्रापाशी थांबणारी वाट

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, एखाद्या व्यवसायासाठी दोन शिल्प निदेशक नेमायचे असतील, तर त्यांपैकी एक अभियांत्रिकीचा पदवीधर किंवा पदविकाधारक असावा आणि दुसरा त्या व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविलेला कारागीर असावा, असा केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा दंडक आहे. पदवीधराला किमान १ वर्षाचा, पदविकाधारकाला २ वर्षांचा आणि कारागिराला ३ वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. शिकविण्याची पात्रता म्हणून मात्र दोघांकडूनही एकाच कागदाची अपेक्षा असते, तो म्हणजे राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र.

हा दंडक विचारपूर्वक केलेला आहे. जोडारी, कातारी, संधाता किंवा वीजतंत्री घडवायचा, तर आराखडा वाचणारा आणि आकडेमोड समजावणारा माणूस जितका आवश्यक, तितकाच यंत्राच्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखणाराही आवश्यक असतो. एकाच कार्यशाळेत उभ्या असलेल्या या दोघांना पुढे शिकावेसे वाटले, तर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पदवीधर निदेशक एम.टेक.ला जाऊ शकतो. तेथे त्याला यंत्रांविषयी अधिक ज्ञान मिळते, यंत्र शिकविण्याविषयी मिळत नाही. कारागीर निदेशकापाशी दहावीनंतरची आयटीआयची दोन वर्षे, निदेशक प्रशिक्षणाचे एक वर्ष आणि अनेक वर्षांचा अनुभव असतो, पण पदवी नसल्याने पदव्युत्तर शिक्षणाचे दार त्याला बंदच राहते. व्यवसाय शिकविण्याचे शास्त्र हाच ज्याचा विषय आहे, असा पदवीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंत जाणारा सर्वमान्य अभ्यासक्रम देशात रुळलेला नाही. शाळांमध्ये सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणण्याचे धोरण देशाने स्वीकारले असताना ही उणीव अधिक ठळक होते.

निदेशक प्रशिक्षणाची सुरुवात

शिल्प निदेशक प्रशिक्षणाची परंपरा आयटीआयच्या परंपरेइतकीच, किंबहुना तिच्याहून थोडी जुनी आहे. निदेशक घडविणारी पहिली संस्था १९४८ मध्ये सुरू झाली आणि कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये आली. कारागिरांच्या आधी त्यांना शिकविणाऱ्यांचा विचार झाला होता, ही बाब आज क्वचितच कोणाला आठवते. शिवराव समितीच्या शिफारशींनंतर १९५६ मध्ये आयटीआयचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निदेशकांचे प्रशिक्षण यांची सूत्रे केंद्राकडे राहिली. १९६० च्या दशकात लुधियाना, कानपूर, हावडा, मुंबई, चेन्नई आणि हैदराबाद येथे निदेशक प्रशिक्षणाच्या आणखी संस्था उभ्या राहिल्या. पुढे त्यांचे राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था असे नामकरण झाले. देशभरात अशा ३३ संस्था असून त्यांतील १९ महिलांसाठी आहेत. मुंबईतील संस्था शीव येथे आहे.

या संस्थांमधील शिल्प निदेशक प्रशिक्षण एक वर्षाचे असते. आयटीआय उत्तीर्ण, शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेले, पदविकाधारक आणि पदवीधर असे सर्व जण एकाच वर्गात बसतात. अभ्यासाचे दोन भाग असतात. एक त्या व्यवसायाचे तंत्र, दुसरा प्रशिक्षणाची पद्धती. बाहेरच्याला दुसरा भाग दुय्यम वाटण्याचा संभव आहे, परंतु निदेशकाची खरी कसोटी तिथेच लागते. कामाचे विश्लेषण करून त्याच्या पायऱ्या पाडणे, कोणत्या पायरीला हात घसरतो आणि कोणत्या पायरीला इजा होऊ शकते हे आधी ताडणे, प्रात्यक्षिकाची टिपण तयार करणे, विद्यार्थ्याने केलेल्या वस्तूला मोजमाप, सफाई, वेळ आणि सुरक्षितता यांनुसार गुण देणे, हे सारे त्यात येते.

ही पद्धत अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी अल्पावधीत हजारो कामगार तयार करावे लागले. त्या कामात गुंतलेल्या चार्ल्स ॲलन यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तयारी, मांडणी, प्रत्यक्ष उपयोग आणि पडताळणी अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्याच विचाराने कारखान्यांतील पर्यवेक्षकांना शिकविण्याचे तंत्र दिले गेले.

वर्गातील शिकवणे आणि कार्यशाळेतील शिकवणे यांत मूलतः फरक आहे. कानशीने सपाट पृष्ठभाग कसा घासावा हे फळ्यावर लिहिता येते, पण दाब पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना सोडायचा, हे हाताला कळावे लागते. निदेशक समोर उभा राहून दाखवू लागला, तर शिकणाऱ्याला त्याचे डावे-उजवे उलट दिसते. म्हणून नाजूक काम बाजूला उभे करून दाखवावे लागते. शेगड्याची, म्हणजे बेंचवरील पकडीची, उंची कोपराशी जुळली नाही तर मूल अर्ध्या तासात थकते आणि त्याच्या हाताला चुकीची सवय लागते. मुरलेल्या कारागिराला यांतले बरेचसे न सांगता येणारेच माहीत असते. त्याला ते सांगता यावे, अशी त्याची घडण करणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. एका वर्षाच्या प्रमाणपत्रात त्याची ओळख होते. त्यावर संशोधन करणारा, नव्या यंत्रांसाठी नवी पद्धत रचणारा, पाठ्यपुस्तके लिहिणारा शिक्षक घडवायला मात्र एवढे पुरेसे नाही.

तंत्रनिकेतनांचा वेगळा मार्ग

तंत्रनिकेतनांतील अध्यापकांसाठी केंद्राने निराळी व्यवस्था केली. १९६० च्या दशकाच्या मध्यात चेन्नई, भोपाळ, कोलकाता आणि चंडीगड येथे तंत्रशिक्षक प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. त्याच आज राष्ट्रीय तंत्रशिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जातात. भोपाळच्या संस्थेचे विस्तार केंद्र पुण्यात आहे, तसेच गोव्यातही आहे, त्यामुळे महाराष्ट्र आणि गोव्यातील अध्यापकांचा संबंध प्रामुख्याने तिच्याशी येतो. अल्प मुदतीची प्रशिक्षणे, अभ्यासक्रमांची रचना, शैक्षणिक चित्रफिती आणि अभियांत्रिकीतील काही पदव्युत्तर अभ्यासक्रम असा या संस्थांचा व्याप आहे. अलीकडे त्यांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने स्वतःच्या पदव्या देण्याची मुभा प्राप्त झाली आहे.

याशिवाय १९७० मध्ये सुरू झालेल्या गुणवत्ता सुधार कार्यक्रमातून अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आणि पुढे तंत्रनिकेतनांतील अध्यापकांना आयआयटीसारख्या संस्थांत एम.टेक. आणि पीएच.डी. करण्याची संधी मिळाली. नोकरी आणि वेतन कायम ठेवून शिकता येत असल्याने या कार्यक्रमाने अध्यापकांची एक पिढी घडविली. परंतु त्यातील बहुतेकांचे शिक्षण औष्णिक अभियांत्रिकी, स्थापत्य संरचना, विद्युत यंत्रे अशा विषयांचे होते. अध्यापनशास्त्र त्यात गौणच राहिले. ती उणीव भरून काढण्यासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नव्या अध्यापकांसाठी ८ घटकांचा ऑनलाइन प्रशिक्षणक्रम आखला. त्याचे समन्वयन चेन्नईच्या संस्थेकडे आहे. ‘स्वयम्’ या मंचावरील हे घटक अभ्यासल्यानंतर अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सराव करावा लागतो. उपक्रम उपयुक्त आहे, पण त्याचे स्वरूप सेवेत रुजू झाल्यानंतरच्या अभिमुखतेचे आहे. पदवीचे मोल त्याला नाही.

शाळांतील फसलेला आणि विसरलेला प्रयोग

व्यवसाय शिकविणाऱ्यांना शिक्षकाची पदवी द्यावी, हा विचार देशाला नवा नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. त्यांत तंत्र, वाणिज्य, शेती, गृहविज्ञान असे विषय असणार होते. ते शिकविणार कोण, या प्रश्नाला उत्तर म्हणून १९६३ च्या सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, छत्राखाली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये उघडण्यात आली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे तज्ज्ञ त्यांच्या उभारणीत सहभागी होते. बारावीसमान परीक्षेनंतर चार वर्षांत विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र एकत्र शिकवायचे, अशी योजना होती आणि तिच्यात तंत्रविषयाच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रमही होता.

विज्ञान शिक्षकांसाठीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम टिकला, आज देशभर ज्याचा गवगवा होतो त्या एकात्मिक शिक्षक शिक्षणाचा तो पूर्वज ठरला. तंत्रविषयाचा अभ्यासक्रम मात्र काही वर्षांतच बंद पडला. ज्या बहुउद्देशीय शाळांसाठी तो होता, त्या शाळाच फारशा फोफावल्या नाहीत. शिवाय तंत्रविषयात चार वर्षे घालविलेल्या तरुणाला शिक्षकाच्या वेतनापेक्षा उद्योगातील वेतन आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. या दोन्ही अडचणी आजही जशाच्या तशा उभ्या आहेत, एवढे नमूद करायला हवे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९८८ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना आली. १९९३ मध्ये भोपाळला पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था स्थापन झाली. २५ टक्क्यांच्या उद्दिष्टाच्या जवळपासही देश पोहोचला नाही. महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजेच एमसीव्हीसी, अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत दीर्घकाळ चालले, ही त्यातली उजवी बाजू म्हणावी लागेल. पुढे समग्र शिक्षा अभियानातून नववी ते बारावीसाठी किरकोळ विक्री, वाहन दुरुस्ती, सौंदर्यसेवा, आरोग्यसेवा, शेती असे विषय आले. ते शिकविणारे व्यवसाय प्रशिक्षक अनेक राज्यांत सेवापुरवठादार संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. दरवर्षी करार नव्याने होण्याची वाट पाहणाऱ्या प्रशिक्षकाने पुढील शिक्षणाचा विचार कोणत्या बळावर करावा, हा प्रश्न अभ्यासक्रमांच्या चर्चेत बहुधा बाजूलाच राहतो.

नियमांतील रिकामी जागा

शाळेतील शिक्षकांच्या पात्रतेचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद ठरविते. २०१४ च्या तिच्या नियमावलीत १५ अभ्यासक्रमांचे निकष दिलेले आहेत. पूर्वप्राथमिक, प्राथमिक, शारीरिक शिक्षण, दृश्यकला, प्रयोगजीवी कला अशा सर्वांना त्यात स्थान आहे. व्यवसाय विषयाच्या शिक्षकासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम त्यात नाही. या नियमावलीनुसार अभियांत्रिकीचा पदवीधर ५५ टक्के गुणांवर बी.एड.ला प्रवेश घेऊ शकतो, मात्र विज्ञान आणि गणित या विषयांच्या आधारे. म्हणजे यंत्र अभियंता शिक्षक झाला तर त्याने गणित शिकवावे, कार्यशाळा नव्हे, असे नियमांचे अनुच्चारित गृहीतक दिसते.

दोन वर्षांच्या एम.एड.साठी बी.एड. किंवा तत्सम अध्यापक पदवी, अथवा पदवीसह प्राथमिक शिक्षक पदविका लागते. राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र त्या यादीत नाही. आयटीआयमध्ये वीस वर्षे शिकविलेल्या निदेशकाचे अध्यापनाचे प्रशिक्षण शिक्षणशास्त्राच्या विद्यापीठीय चौकटीत अशा रीतीने मोजलेच जात नाही. कौशल्य विकासाचे मंत्रालय वेगळे, शिक्षणाचे वेगळे आणि त्यांच्या परिषदाही वेगळ्या, त्याचा हा परिणाम आहे.

कारागीर निदेशकाला पुढे जाण्याची वाट पूर्णपणे बंद आहे, असे मात्र नाही. आयटीआय उत्तीर्णाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेशी २०१६ मध्ये झालेल्या करारामुळे आयटीआयबरोबर भाषाविषयाची परीक्षा देऊन दहावी वा बारावीची समकक्षता मिळविता येते. बारावी समकक्ष झाला की मुक्त विद्यापीठातून पदवी, आणि पदवीनंतर एम.ए. शिक्षणशास्त्र, असा मार्ग खुला होतो. नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकालीन किंवा लवचिक वेळेत पदविका आणि पदवीचे वर्ग चालविण्यासही तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडे अनुमती दिली आहे. परंतु पदविका आणि पदवी मिळून किमान पाच वर्षे लागतात. एवढे करून हाती येते ती अभियंत्याची पदवी. ज्या कामात तो आयुष्यभर निष्णात झाला, त्या कामाची पदवी ती नव्हेच.

जर्मनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि बहुधा अर्धवट दिले जाते. तेथील दुहेरी पद्धतीत विद्यार्थी आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. कारखान्यात शिकविणाऱ्या प्रशिक्षकाला अध्यापन-पात्रतेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. व्यवसाय शाळेतील सैद्धांतिक विषयांच्या शिक्षकाला विद्यापीठातून एखादे व्यवसायक्षेत्र, एक सामान्य विषय आणि व्यवसाय-अध्यापनशास्त्र यांत पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते, त्यापुढे उमेदवारीचा काळ आणि शासकीय परीक्षा. व्यवसाय-अध्यापनशास्त्राची स्वतंत्र अध्यासने तेथील विद्यापीठांत आहेत. कारखान्याशी असलेले नाते भारतात सहज उभे राहणार नाही, पण विद्यापीठात या विषयाला जागा देणे त्या मानाने सोपे आहे. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसाय शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी संघराज्याचा निधी दिला आणि त्यातून विद्यापीठांत या विषयाचे विभाग रुजले. २००६ च्या पर्किन्स कायद्यापासून तेथे ‘करिअर व तंत्रशिक्षण’ ही संज्ञा रूढ झाली. अनेक राज्ये कामाच्या अनुभवावर अशा शिक्षकाला आधी वर्गात उभे करतात आणि अध्यापनशास्त्राचे शिक्षण नोकरीत राहून पूर्ण करायला लावतात. कारागीर निदेशकाची गरज नेमकी हीच आहे.

नवे धोरण, जुना प्रश्न

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाजाचा आधार घेऊन १९ ते २४ वयोगटातील कामकरी भारतीयांपैकी ५ टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाल्याचे नमूद केले आहे. त्याच परिच्छेदात अमेरिकेचा आकडा ५२, जर्मनीचा ७५ आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के असा दिला आहे. २०२५ पर्यंत शालेय आणि उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडवावा, असे उद्दिष्ट त्यात होते. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सजीवांबरोबरचे काम, यंत्रे व वस्तूंबरोबरचे काम आणि मानवी सेवा असे तीन प्रकार ठरविले. एनसीईआरटीने त्यानुसार ‘कौशल बोध’ ही पाठ्यपुस्तके आणली.

स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांना थोडक्या प्रशिक्षणानंतर ‘मास्टर इन्स्ट्रक्टर’ म्हणून शाळेत आणावे, असेही धोरण सुचविते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हे फार पूर्वीच करून दाखविले आहे. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञान परिचयाच्या उपक्रमात गावातीलच उद्योजक आठवड्यातून एक दिवस शाळेत येऊन वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती शिकवितात. तो माणूस स्वतः त्या कामावर पोट भरत असल्याने मुलांना कामाचे मोलही कळते. मात्र हे थोड्या शाळांपुरते, ध्येयनिष्ठ संस्थेच्या आधाराने साधले. लाखो शाळांमध्ये ते न्यायचे तर या निदेशकांना तयार करणारे, त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणारे, त्यांना पुढे नेणारे शिक्षक लागतील, आणि असे शिक्षक पदव्युत्तर स्तरावरच घडू शकतात.

व्यवस्थेत काही फटी मात्र रुंदावू लागल्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शाळा, व्यवसाय प्रशिक्षण आणि विद्यापीठ यांना एकाच मापाने मोजण्याची, तसेच संबंधित कामाच्या अनुभवाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे. एखाद्या विद्यापीठाने निदेशक प्रमाणपत्र आणि अध्यापनाची वर्षे यांचे श्रेयांक धरून पदवीचा उरलेला भाग आखायचे ठरविले, तर त्यास धोरणाची आडकाठी राहिलेली नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ हजार आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातील ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार कोटी राज्यांचे आणि १० हजार कोटी उद्योगांचे आहेत. भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना येथील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांत उत्कृष्टता केंद्रे उभारण्याचा आणि ५० हजार प्रशिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा समावेश या योजनेत आहे. यातले किती प्रशिक्षण अल्प मुदतीच्या वर्गांवर संपेल आणि किती पदवीत रूपांतरित होईल, यावर निदेशकांचे पुढील स्थान अवलंबून राहील.

दरम्यान, अध्यापक शिक्षा परिषदेने चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षणाचा विस्तार करताना योग, शारीरिक शिक्षण, संस्कृत आणि कला या विशेष शाखा जाहीर केल्या. अभ्यासक्रम आराखड्याने भाषा, गणित, विज्ञान यांच्या पंगतीत बसविलेल्या व्यवसाय शिक्षणाचे नाव त्या चार शाखांत नाही.